शालेय मुलांचा आहार व वजन (सोलापूर)

साधारण 6 ते 14 वर्षांच्या मुलांचे खाणे, खाण्याच्या वेळा आणि त्यांचा वाढीशी असलेला संबंध. सोलापुरात एकाच वर्गात या विषयाची दोन्ही टोके दिसतात : एका बाकावर बरगड्या मोजता येतील असे मूल, तर शेजारच्या बाकावर मधल्या सुट्टीत दोन चकरा मारताच धाप लागणारे.

घरोघरी मुलाचे वजन नजरेने ठरते आणि नजर इथे फसते. समजा, 8 वर्षांच्या दोन मुलांचे वजन 25 किलो आहे. एकाची उंची 128 सेंमी, तर दुसऱ्याची 115. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. पहिल्याचा 15.3, म्हणजे वयाला साजेसा. दुसऱ्याचा 18.9, म्हणजे त्या वयाला जास्त. दुसरे मूल खुरटलेलेही आहे आणि जाडही; घरी मात्र त्याला ‘अंगाने भरलेला’ म्हणून शाबासकी मिळते. याउलट, पहिलीतले मूल ‘वाळलंय’ म्हणून आई काळजी करते, तेव्हा बहुधा काही बिघडलेले नसते. पहिल्या वाढदिवसानंतर बीएमआय उतरत जातो, सहाव्या वर्षाच्या आसपास तळ गाठतो आणि मग चढतो. ही चढण फार लवकर लागली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयोगटातील 22 टक्के मुले खुरटलेली, 23 टक्के रोड आणि 4 टक्के जास्त वजनाची आढळली.

सोलापूरचे मूळ अन्न ज्वारीचे. मराठी घरात तिला भाकरी म्हणतात, कन्नड घरात जोळद रोट्टी, तेलुगू घरात जोन्न रोट्टे. सोबत शेंगाची चटणी तिन्हीकडे चालते. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतू असतो, तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने. डाळ, पालेभाजी आणि वाटीभर दूध किंवा ताक यांची जोड मिळाली, तर वाढत्या वयाला हे ताट उत्तम आहे. अडचण ताटात नाही, सकाळच्या वेळेत आहे. वडील यंत्रमागाच्या पाळीवर, आई विड्या द्यायला कारखान्यात. सकाळच्या शाळेला निघणारे मूल चहात चार बिस्किटे बुडवून खाते आणि मुठीत खाऊचे पैसे घेऊन निघते. ते पैसे फाटकापुढच्या पाकिटावर जातात. मैदा, साखर, तेल, मीठ यांनी भूक मोडते, मग दुपारचे जेवण अर्धे राहते. रोड आणि जाड अशा दोन्ही मुलांची सकाळ पुष्कळदा हीच असते. पैसे किती मिळतात आणि दुपारी घरी काय शिजते, फरक तेवढाच. भूक आणि लठ्ठपणा हे वेगवेगळ्या घरांचे प्रश्न मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ या तक्रारीमागे कधी जंत असतात. त्यासाठी शाळांतून जंतनाशक गोळी देतात. जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळेही अन्नातील लोह पुरेसे शोषले जात नाही. लिंबू, पेरू अशा फळांतील क जीवनसत्त्व तेच शोषण वाढवते.

शालेय पोषण आहाराचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे आहे. उपाशी आलेल्या मुलासाठी ही खिचडी दिवसाचे पहिले खरे जेवण ठरते, त्यामुळे ती वेळेवर मिळणे फार महत्त्वाचे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत व फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत.

घरच्या सकाळीला मात्र नियम पुरत नाही. तिथे सोलापूरचीच कडक भाकरी कामाची आहे. पातळ थापून, पूर्ण वाळवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते. घरी चूल पेटवायला कोणी नसले, तरी दुसरी-तिसरीतले मूल ती स्वतः दुधात किंवा रात्रीच्या आमटीत चुरून, वर चमचाभर शेंगाची चटणी घालून खाऊ शकते.