आधी पाय, मग ग्लव्ह

बेसबॉलमधलं क्षेत्ररक्षण सुधारायचं म्हटलं की पालक आधी चांगला ग्लव्ह आणायला निघतात. माझ्या मते सुरुवात डोळ्यांपासून आणि पायांपासून करावी.

उंच उडालेला चेंडू घ्या. 1968 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सेव्हिल चॅपमन यांनी मांडलं, की चेंडू नजरेत कसा वर चढतो यावरूनच तो कुठे पडणार हे कळू शकतं. चढण्याचा वेग वाढत गेला तर चेंडू डोक्यावरून मागे जाणार. मंदावला तर पुढ्यात पडणार. एकसारखा चढत राहिला, तर खेळाडू योग्य जागी आहे. नवख्या मुलाला हे सगळं वाचायला वेळच मिळत नाही, कारण बॅटचा आवाज येताच तो पुढे धावतो. पहिलं पाऊल मागे टाकायची सवय म्हणूनच लावतात. मागे धावण्यापेक्षा पुढे येणं केव्हाही सोपं.

जमिनीवरून येणारा चेंडू जास्त फसवतो. नाशिकच्या मैदानावर सकाळी सराव करणारी बरीचशी मुलं क्रिकेटमधून आलेली असतात. गुडघा टेकवून आडवी भिंत उभी करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. चेंडू अडतो खरा, पण उठून फेकेपर्यंत चेंडू मारून धावणारा पहिल्या बेसवर, म्हणजे त्याने गाठायच्या पहिल्या थांब्यावर, पोचलेला असतो. त्याऐवजी पाय हलते ठेवून टप्पा निवडायला शिकवावं. टप्पा पडल्या पडल्या चेंडू फारसा भरकटलेला नसतो, आणि उसळीच्या माथ्यावर त्याची वर जाण्याची गती शून्य होते. या दोन्ही ठिकाणी तो पकडायला सोपा. मधल्या वाटेवर तो झपाट्याने वर येत असतो आणि मातीतल्या एका खड्याने थेट छातीवर येतो. ताशी 100 किलोमीटरने निघालेल्या चेंडूला 25 मीटर यायला जेमतेम एक सेकंद लागतो. त्यातला पाचवा हिस्सा नुसता डोळ्यांनी पाहून शरीर हलण्यात जातो.

मूल मोठं होतं तसं मैदानही मोठं होतं. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन बेसमधलं अंतर साधारणपणे 60 फूट असतं, मोठ्यांसाठी 90. म्हणजे होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो तिथपासून) दुसऱ्या बेसपर्यंतची फेक 85 फुटांवरून 127 फुटांवर जाते. हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू असते, तिथली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोवळी असते. सगळा जोर हातातून काढला तर कोपर दुखणारच. अशा वयात फेकीच्या दिशेने दोन पावलं घेऊन, एक टप्पा देऊन बेसवर पोचणारी सरळ फेक शिकवावी. कोपर दुखतंय असं मुलाने सांगितलं, तर त्या दिवशी फेकणं तिथेच थांबवावं.