डब्यातलं मोकळं पाणी

"पहाटे उठून ताजं केलंय, आता संध्याकाळपर्यंत काळजी नाही." लहान मुलांना घेऊन नाशिकहून गाडीने निघणाऱ्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग वणीला जायचं असो, शिर्डीला असो की कसारा घाट उतरून मुंबईला. पण पदार्थ ताजा असणं आणि तो टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटे पाचला केलेली मऊ खिचडी दुपारी पोराचं पोट बिघडवू शकते, आणि आठवड्यापूर्वीचा कुरकुरीत चिवडा खुशाल खाता येतो.

आधी गाडीचं बघू. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. (म्हणूनच मूल झोपलंय म्हणून 'दोन मिनिटं' गाडीत ठेवून जाणं कधीही नको.) दर्शन घेऊन आपण परत येतो, एसी लावतो, पण मागच्या सीटवरच्या पिशवीतला डबा बराच वेळ कोमटच राहतो. जिवाणूंना तेच हवं असतं. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे चार तासांत एकाचे ४०९६.

मात्र त्यासाठी त्यांना पाणी लागतं, आणि तेही मोकळं. पदार्थातलं सगळंच पाणी त्यांच्या उपयोगाचं नसतं. बरेच रेणू साखर, मीठ, स्टार्च आणि प्रथिनं यांनी धरून ठेवलेले असतात. मोकळं किती, हे मोजायची युक्ती सुंदर आहे. पदार्थ बंद डबीत ठेवायचा, वरच्या हवेत पाण्याच्या वाफेचा किती दाब तयार होतो ते मोजायचं, आणि त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावर जो दाब असतो त्याने भागायचं. या गुणोत्तराला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की जिवाणूंची वाढ पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा या आकड्यावर ठरते. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू थांबतात. स्टॅफिलोकॉकस हा चिवट जिवाणू साधारण ०.८६ पर्यंत तग धरतो. ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. कारण पाणी नेहमी जास्त मोकळ्या बाजूकडून कमी मोकळ्या बाजूकडे जातं. बाहेरचं पाणी बांधलेलं असेल, तर जिवाणूच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याची वाढ अडते. तो मरेलच असं नाही, पण वाढत नाही.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत त्यातच आहे. १०० ग्रॅम पाण्यात ५.५६ मोल रेणू असतात (मोल हे डझनासारखं, रेणू मोजायचं एकक). त्यात १०० ग्रॅम साखर घातली, तर साखरेचे रेणू जड असल्यामुळे ते भरतात जेमतेम ०.२९ मोल. एकूण रेणूंत पाण्याचा वाटा किती, तोच ढोबळमानाने हा आकडा: ५.५६ ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे ५.८५ ने भागलं की ०.९५. म्हणजे पाण्याच्या वजनाइतकी साखर घालूनही ढोबळ हिशेबाने आकडा ०.९५ वरच! मीठ मात्र हलकं, शिवाय विरघळताना त्याच्या प्रत्येक जोडीचे दोन आयन, म्हणजे दोन सुटे विद्युतभारित कण होतात. त्यामुळे १० ग्रॅम मीठच ०.९४ पर्यंत नेतं. महत्त्व वजनाला नाही, कणांच्या संख्येला आहे. "शिऱ्यात साखर आहे, टिकेल" हा समज इथेच कोसळतो.

गूळपोळी आणि पुरणपोळी शेजारी ठेवा. गूळ दोन्हीत आहे. पण गूळपोळीच्या सारणात गुळासोबत तीळ आणि तेलावर भाजलेलं बेसन, पाणी जवळपास नाहीच. पुरणात मात्र पाण्यात शिजलेली डाळ. म्हणून पहिली आठवडाभर प्रवासाला चालते आणि दुसरी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबूस लागते. आपल्या निफाड-पिंपळगावची द्राक्षं आणि बेदाणे यांचंही तेच. द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, बेदाण्यात साधारण १५, आणि तेही साखरेने घट्ट धरलेलं. चॉकलेट गाडीत वितळतं, पण वितळणं म्हणजे नासणं नव्हे.

चिवडा आणि बेदाणे मात्र एका डबीत भरू नका. बेदाण्यातलं पाणी कोरड्या पोह्यांकडे सरकतं. काही दिवसांत पोहे मऊ आणि बेदाणे चामट.

बाधा होऊ नये म्हणून तळलेल्या पदार्थांच्या डब्यात कोळशाचा तुकडा ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. कोळशाने डब्यातलं मोकळं पाणी कमी होत नाही, आणि बाधा म्हणतात ती जिवाणूंची असते. तसंच पाकिटावरच्या 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' या जाहिरातीचं. कोरड्या खाकऱ्याला त्याची गरजच नव्हती. "पुन्हा उकळून दिलं की झालं" हेही खरं नाही. स्टॅफिलोकॉकसचं विष आणि भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियसचं उलटी करवणारं विष, दोन्ही उकळूनही टिकतात. ओलं काही न्यायचंच असेल तर डबा थंडगार करून, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीला चिकटवून थर्मास पिशवीत ठेवा. बाहेर बत्तीसच्या वर पारा असताना थंड न ठेवलेलं ओलं अन्न तासाभरात संपवा, नाहीतर टाकून द्या.

मुलांसाठी म्हणून खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळी, मुरमुरे, आणि सालीसकट केळं. केळं कापायचं ते खायच्या वेळीच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. मधात जिवाणू वाढत नसले तरी बोट्युलिझम या घातक विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू त्यात जिवंत असू शकतात. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे आणि शेंगदाण्याची चिक्कीही नको, आणि द्राक्षं उभी चार भाग करूनच. मऊ, गोल, गुळगुळीत द्राक्ष छोट्या श्वासनलिकेच्या तोंडाशी घट्ट बसतं. गाडी चालवणाऱ्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि घशात घास अडकलेलं मूल खोकूही शकत नाही, ओरडूही शकत नाही. खाऊ द्यायचा तर गाडी बाजूला घेऊन, मूल ताठ बसलेलं असताना.