कूलरचं पाणी परत येतं, शुक्राचं गेलं ते गेलंच

ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला वाफ म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या लष्कर भागातल्या घरी सकाळी कूलरची टाकी काठोकाठ भरावी तर दुपारी तीनला पंप कोरडा घरघरत असतो, बाबा आतून ओरडतात अरे पाणी टाका रे, आणि संध्याकाळी छतावर चार बादल्या मारल्या तरी दहा मिनिटांत फरशी कोरडी. हवा इतकी सुकी असते की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता सोबत नेतं, म्हणून गार वाटतं. जुलैत हवाच वाफेने भरलेली, मग तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो.

पण ते उडालेलं पाणी पावसात परत येतं ना, ते का येतं हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, कारण त्याच छतावरून संध्याकाळी पश्चिमेला जो शुक्र चमकताना दिसतो तिथलं पाणी परत आलेलं नाही.

आपल्याकडे वाफ वर वर गेली की थंडी वाढत जाते, १० ते १७ किलोमीटरवर तापमान उणे ५० ते उणे ८० अंशांपर्यंत उतरतं आणि वाफ गोठून बर्फाचे कण होतात, ढग होतात, खाली येतात. भाजी शिजताना आपण कढईवर ताट ठेवून त्यात पाणी घालतो, ताटाच्या खालून थेंब धरतात आणि परत भाजीत पडतात, अगदी तसंच. त्या ताटाच्या वर हवेच्या दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम पाचेक रेणू सापडतात. पृथ्वीचे समुद्र अजून जागेवर आहेत ते या गार ताटामुळे.

शुक्रावर ताटच तापलं. त्याला आपल्या जवळपास दुप्पट ऊन मिळतं, आणि वाफ स्वतःच उष्णता धरून ठेवणारा वायू आहे, म्हणजे वाफ वाढली की गरमी वाढते आणि गरमी वाढली की अजून वाफ. ती पार वरपर्यंत चढली, तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचा रेणू फोडला, हायड्रोजन सगळ्यात हलका म्हणून अवकाशात निसटला, आणि ऑक्सिजन काही खडकांशी संयोग पावला असावा, काही तोही उडाला. आज तिथली सगळी वाफ पाणी करून ग्रहभर पसरली तर थर बसेल साधारण ३ सेंटीमीटरचा. पृथ्वीचं पाणी तसंच पसरलं तर जवळपास ३ किलोमीटर.

हे कळलं कसं तो किस्सा मला सगळ्यात आवडतो. हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम, आपल्या समुद्रात साधारण ६४०० हायड्रोजनमागे एक. सुपात धान्य पाखडताना फोल उडतं आणि दाणा राहतो तसं हलका हायड्रोजन उडून गेला असेल तर जड मागे राहिला पाहिजे. डिसेंबर १९७८ मध्ये नासाच्या पायोनियर व्हीनसचं मोठं यान शुक्राच्या ढगांतून खाली उतरत होतं, तेव्हा त्याच्या वायू मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडात गंधकाम्लाचा थेंब अडकला. यंत्र तुंबलं म्हणजे काम गेलं असंच कुणालाही वाटेल, पण त्या थेंबातलं पाणी यंत्राने मोजलं आणि त्यात ड्यूटेरियम पृथ्वीच्या सुमारे शंभरपट निघालं! १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आता तिथे उरलेलं पाणी आहे कुठे, तर बरंचसं ढगांखालच्या हवेत विरळ वाफ म्हणून, आणि काही गंधकाम्लात गुंतलेलं. सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू आणि पाणी मिळून ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर गंधकाम्लाचे ढग होतात, त्यातून थेंब पडतातही, पण जमिनीच्या खूप वरच ते वाफ होऊन फुटतात आणि पुन्हा वर जातात. खाली ४६० अंश असताना पाऊस टेकणार कसा.

आणि पाणी गेल्याचं दुसरं नुकसान असं की कार्बन डायऑक्साइड हवेतच अडकला. आपल्याकडे पाऊस तो विरघळवून खडकांवर आणतो, शेवटी त्याचा चुनखडक होतो. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीतला चुना घ्या, भट्टीत चुनखडक भाजताना तो वायू निघून जातो आणि भिंतीवर चुना घट्ट होताना हवेतून तोच परत घेतला जातो. पृथ्वीने असा प्रचंड साठा दगडात बंद केलाय, शुक्राच्या हवेत मात्र तो ९६ टक्क्यांहून जास्त आहे आणि दाब आपल्या ९० पट.

तिथे खरंच कधी समुद्र होते का, यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. काहींची गणितं सांगतात की सुरुवातीची वाफ कधी थंडच झाली नाही, समुद्र भरलेच नाहीत. म्हणून मला पुढच्या मोहिमांची ओढ लागलीय. इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने १२३६ कोटींची मंजुरी दिली, मार्च २०२८ चं लक्ष्य आहे, आणि नासाची दाविंची मोहीम पॅराशूटने एक गोळा सोडून तासाभराच्या उतरणीत वायू आणि तेच जड हायड्रोजनचं प्रमाण पुन्हा मोजायचं ठरवतेय, या वेळी थेंब अडकण्याची वाट न बघता.