वादळात कॅम्पचे तंबू उडाले, तर सरकारी मदत कशी मागायची?

खानदेशात तोरणमाळ, पाल या ठिकाणी किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत हंगामापुरते तंबू टाकून व्यवसाय करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आपत्ती मदतीच्या निकषांत तंबू-कॅम्प असं वेगळं शीर्षक नाही. तुमचं नुकसान कोणत्या शीर्षकाखाली नोंदवलं गेलं, त्यावर मदत ठरते आणि ती नोंद पंचनाम्यात होते.

कशासाठी मदत मिळू शकते?
पूर, गारपीट, ढगफुटी, दरड आणि आग या आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. अवेळी पाऊस आणि वीज कोसळणं यांचा समावेश राज्याने स्वतः केला आहे. अतिवृष्टी धरायची, तर महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीहून जास्त पावसाची नोंद लागते. तुमच्या वावरात किती पडला ते तिथे मोजलं जात नाही.

2022 ते 2026 या काळाच्या निकषांत मृत्यू झाल्यास वारसाला 4 लाख, नष्ट झालेल्या झोपडीला 8 हजार आणि गोठ्याला 3 हजार रुपये ठरले होते. ओढकामाचं मोठं जनावर दगावलं, तर 32 हजार. त्यात घोडाही धरला होता. झोपडी मात्र राहती हवी. पाहुण्यांचा तंबू त्यात बसत नाही, पण राखणदाराचं कुटुंब कॅम्पवरच झोपडीत राहत असेल तर त्याची नोंद वेगळी करून घ्या. हा त्या कुटुंबाचा हक्क आहे आणि मालकाच्या गडबडीत तोच बुडतो.

व्यवसायाच्या नुकसानीसाठी राज्य सरकार त्या-त्या आपत्तीनंतर स्वतंत्र शासन निर्णय काढतं. 2021 च्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 50 हजार आणि टपरीधारकांना 10 हजारांपर्यंत मदत ठरली होती. अट होती स्थानिक रहिवासी असण्याची: मतदार यादीत नाव, रेशनकार्ड आणि दुकानाची नोंदणी किंवा परवाना. बाहेरगावाहून हंगामापुरते येणारे इथेच अडकतात. म्हणून नव्या निर्णयातल्या अटी आधी वाचा.

पंचनाम्याच्या दिवशी
वारा थांबला की आवराआवर सुरू करू नका. वाकलेले पाइप, फाटलेलं कापड, भिजलेल्या गाद्या जशा आहेत तशा ठेवून तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा. मग तलाठी आप्पांना फोन करा आणि त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पंचनाम्यात ‘वादळाने नुकसान झाले’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी थांबवा. किती तंबू, किती गाद्या, जनरेटर, अंदाजे किंमत हे सगळं त्यात आलं पाहिजे. तंबू घडी घालून गोडाऊनमध्ये होते आणि तिथे पाणी शिरलं, तर पंचनामा गोडाऊनचा होईल. तिथला भाडेकरार दाखवावा लागेल.

कागदपत्रं
आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, रेशनकार्ड, सातबारा किंवा जागामालकाचा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, उद्यम नोंदणी, तंबूखरेदीची बिलं. कृषी पर्यटन केंद्र असेल तर पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्रही जोडा. जागा वनखात्याची असेल आणि परवानगी नसेल, तर पुढची सगळी कागदं लंगडी पडतात.

पैसे थेट खात्यात येतात. गावच्या मदत यादीत तुमच्या नावाचा विशिष्ट क्रमांक आला, की सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करा. तेवढं राहिलं तरी रक्कम अडकते. यादीत नाव नसेल तर तहसीलदारांकडे पोच जोडून अर्ज करा, तिथे दाद लागली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

कर्ज असेल तर हप्ता थकण्याआधीच पंचनामा घेऊन बँकेत जा. विमा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा. लहान उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत वादळ आणि पूर येतात, पण उघड्यावरचे तंबू त्यात धरले आहेत का, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्या.