प्रकाशविद्युत नलिका

प्रकाश पडताच विजेचा सूक्ष्म प्रवाह देणारी निर्वात नलिका. हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात पन्हळीसारखा वाकवलेला पत्रा (ऋणाग्र) आणि त्याच्यासमोर बारीक तार (धनाग्र), एवढीच तिची रचना. पत्र्यावर सिझियमसारख्या धातूचा लेप असतो. प्रकाशाने त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तार ते ओढून घेते. हवा शिल्लक राहिली तर तिचे रेणू इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. शिवाय ऑक्सिजनमुळे लेप निकामी होतो.

हाइन्रिख हर्ट्‌झ यांना हा परिणाम 1887 मध्ये दिसला; आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये त्याचा उलगडा केला.

या नलिकेने सर्वांत मोठे काम केले ते बोलपटांत. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी छापलेली असे. प्रोजेक्टरमधल्या दिव्याचा बारीक झोत तिच्यातून नलिकेवर पडे. पट्टीतून कमीजास्त प्रकाश येई, तसा प्रवाह कमीजास्त होई आणि तोच वाढवून कर्ण्याला दिला जाई. जत्रेतल्या तंबूत बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत नटाचा आवाज पोहोचायचा तो या फुग्यातूनच. चोरघंटा, आपोआप उघडणारी दारे, कारखान्यातली मोजणी ही तिची इतर कामे. ती पुढे अर्धवाहकांनी (सेमीकंडक्टरनी) घेतली.

अतिशय मंद प्रकाशासाठी मात्र तिची थोरली बहीण, प्रकाशगुणक नलिका, आजही लागते. तिच्यात डायनोड नावाच्या पट्ट्यांची रांग असते. प्रत्येक पट्टीवर आदळणारा इलेक्ट्रॉन आणखी काही इलेक्ट्रॉन उडवतो. दहाएक टप्प्यांत एकाचे दहा लाख होतात. रुग्णालयातल्या गॅमा कॅमेऱ्यात रुग्णाला दिलेल्या किरणोत्सर्गी औषधातून येणाऱ्या गॅमा किरणांनी स्फटिकात उमटणारी चमक याच नलिका टिपतात आणि ते औषध शरीरात कुठे साठले ते कळते. लडाखमधील हान्ले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 21 मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीत अशा 1,088 नलिका आहेत. अवकाशातून आलेले गॅमा किरण वातावरणात शिरल्यावर उमटणारी, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती निळसर चमक त्या पकडतात.

जपानमधल्या कामिओका येथे जमिनीखाली सुमारे 1,000 मीटरवर, 50,000 टन शुद्ध पाण्याच्या टाकीत, न्यूट्रिनोंचा (पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा) माग काढण्यासाठी 50 सेंटिमीटर व्यासाच्या 11,000 हून अधिक प्रकाशगुणक नलिका बसवलेल्या होत्या. नोव्हेंबर 2001 मध्ये त्यांतली एक पाण्याच्या दाबाने आत चेपून फुटली. पोकळीत घुसलेल्या पाण्याच्या आघाताने शेजारची फुटली, मग तिच्या शेजारची. अशा 6,000 हून अधिक नलिका गेल्या. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक नलिकेला अ‍ॅक्रिलिकचे कवच असते.