बोट ट्राम (ब्लॅकपूल)

बोट ट्राम : इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या पर्यटननगरीतील, छप्पर नसलेली एकमजली विजेची ट्रामगाडी. प्रेस्टनच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९३४ मध्ये अशा बारा गाड्या बांधल्या. वॉल्टर लफ हे व्यवस्थापक म्हणून आल्यावर येथील ट्रामताफ्याचे जे नूतनीकरण झाले, त्याचाच हा भाग होय. गाडीची दोन्ही टोके होडीच्या नाळेसारखी निमुळती असल्याने ‘बोट’ हे नाव रूढ झाले.

अधिकृत नाव ‘लक्झरी टोस्टरॅक’ असे होते. टोस्टरॅक म्हणजे भाजलेल्या पावाचे काप उभे लावून ठेवायची जाळी. १९११ पासूनच्या ‘टोस्टरॅक’ म्हटल्या जाणाऱ्या उघड्या गाड्यांत गाडीच्या पूर्ण रुंदीची आडवी बाके असत. मधून वाट नसल्यामुळे वाहकाला चालत्या गाडीच्या बाहेरच्या पायफळीवरून, एका हाताने दांडी धरून, बाकामागून बाक सरकत पैसे गोळा करावे लागत. बोट ट्राममध्ये मधोमध दार आले, बाकांमधून वाट आली आणि वाहक आत आला. ‘लक्झरी’ या शब्दाचा खरा अर्थ प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच आहे. आसने ५६ आणि लाकडी होती. तारेतून वीज घेणारा खांब टेकवायला छप्परच नसल्याने गाडीच्या मध्यावर प्रवाशांच्या डोक्यावरून एक सडपातळ कमान उभारलेली असे.

क्रमांकांबाबत जुन्या याद्यांत गोंधळ आढळतो. पहिली बोट २२५ क्रमांकाची. २२६ हा क्रमांक मात्र आरंभी ‘बलून’ या दुमजली नमुना-गाडीला होता. उरलेल्या अकरा बोटी आल्यावर त्यांना २२६ ते २३६ हे क्रमांक देऊन बलूनला २३७ करण्यात आले. त्यामुळे १९३४ च्या छायाचित्रातील ‘२२६’ बोटच असेल असे धरता येत नाही. पुढे १९६८ मध्ये ताफ्याला नवे क्रमांक मिळाले, तोवर २२९, २३१, २३२ व २३४ मोडीत निघाल्या होत्या. उरलेल्या आठांना ६०० ते ६०७ असे सलग क्रमांक मिळाले. म्हणून २२८ ची ६०३ झाली, तर २३० ची ६०४. सरळ वजाबाकीने जुना क्रमांक निघत नाही. जतनाच्या दृष्टीने जुनाच क्रमांक ग्राह्य धरणे योग्य वाटते, कारण गमावलेल्या चार गाड्यांची जागा त्यातच दिसते.

या गाड्या उन्हाळ्यातील कोरड्या दिवसांच्या. वारा-पाऊस असला की आगारातच उभ्या. २०१२ मध्ये मार्ग नव्या, सखल तळाच्या गाड्यांसाठी बदलला आणि नियमित वाहतुकीतून जुना ताफा गेला.

जतन झालेल्या बोटी दोन खंडांत विखुरल्या आहेत. २३६ (६०७) डर्बीशरमधील क्रिच येथील राष्ट्रीय ट्राम संग्रहालयाकडे आहे. २२६ (६०१) कॅलिफोर्नियातील एका रेल्वे संग्रहालयात पोहोचली. २२८ (६०३) १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोला गेली. ब्लॅकपूल व सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही शहरांत रुळांमधील अंतर १,४३५ मिमी. असल्याने चाकांचा प्रश्न आला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरकाठच्या एम्बार्काडेरो रस्त्यावर ती पुन्हा समुद्राच्या वाऱ्यात धावली. २०१३ मध्ये २३३ (६०५) ही दुसरी बोटही त्याच शहरात दाखल झाली.