भरपूर, चिकट वीर्य म्हणजे घोडा पक्का? नाही

पैदाशीच्या घोड्याचं वीर्य भांडंभर आणि चिकट निघालं की घोडा चांगला, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. तो चिकटपणा जेलचा, म्हणजे वीर्यातल्या दाट, चिकट भागाचा. घोडीसमोर जास्त वेळ चेतवलं की जेल वाढतं, पण त्यात शुक्राणू नगण्य असतात. म्हणून ते आधी गाळून टाकतात.

मग एकूण शुक्राणू मोजायचे. ४० मिली आणि दर मिलीत २० कोटी, म्हणजे ८०० कोटी. १०० मिली आणि दर मिलीत ५ कोटी, म्हणजे ५०० कोटीच! कमी भरलेलं भांडं सरस ठरलं.

शुक्राणूंची हालचाल पाहताना नमुना दुधाच्या विरलकात (वीर्य पातळ करायच्या द्रावणात) दर मिलीला सुमारे २.५ कोटींपर्यंत पातळ करून ३७ अंशांच्या कोमट काचपट्टीवर घ्यावा. दाट थेंबात नुसती खळबळ दिसते. सरळ पुढे जाणारे किती, ते कळत नाही. ६० टक्के पुढे जात असतील तर उत्तम. गार काच, पाण्याचा थेंब, भांड्यात राहिलेला साबण किंवा मूत्र यांपैकी काहीही शुक्राणू मारतं आणि चांगल्या घोड्यावर उगाच ठपका बसतो.

बरेच दिवस विश्रांतीवर असलेल्या घोड्याचा एकच नमुना फसवतो. तासाभराने दुसरा घ्या. त्यात संख्या साधारण निम्मी येते, आणि पुढे जाणारे व आकाराने निर्दोष असे निदान १०० कोटी शुक्राणू त्यात हवेत. ताप येऊन गेला असेल तर ६० दिवसांनी पुन्हा तपासा, कारण नवे शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ५७ दिवस लागतात.